मेहनत, हिशोब आणि अंगकाठी

माणसाचं वजन कशानं वाढतं, यावर आमच्या घरात तीन मतं आहेत. माझे सासरे कोल्हापुरातल्या एका तालमीचे जुने वस्ताद. त्यांना आम्ही सगळे आबा म्हणतो. त्यांच्या लेखी वजन वाढलं म्हणजे मेहनत सुटली. त्यांची भाची पुण्यात डॉक्टर आहे, मधुमेहाचे रुग्ण बघते; मी तिला ताई म्हणते. शरीर कसं मिळालं यावर बरंचसं ठरतं, असं ती मानते. मी बँकेत नोकरी करते. जमा खर्चाहून जास्त झाली की शिल्लक कुठेतरी दिसणारच, इतकं साधं माझं मत.

या खेपेला वादाला कारण झाली तालमीतली दोन पोरं. दोघं एकाच वयात मातीत उतरली, एकाच पंगतीला जेवली, एकाच वस्तादाच्या हाताखाली तयार झाली आणि नोकरी लागल्यावर दोघांनीही कुस्ती सोडली. एकाची अंगकाठी अजून जशीच्या तशी आहे. दुसऱ्याचं पोट सुटलं, मान भरली, जिना चढताना धाप लागते. आबांनी दुसऱ्याला आळशी म्हटलं. ताईला ते सहन झालं नाही, मलाही नाही. त्यावर जे बोलणं झालं ते इथे देते आहे, कारण जाड माणसाला आळशी किंवा खादाड म्हणताना आपल्याकडे कुणाची जीभ अडखळत नाही, आणि मला तो उघड अन्याय वाटतो.

आबा : पहाटे चारला उठायचं, हौदा उकरायचा, हजार बैठका, पाचशे जोर, दोर चढायचा, मग लढती. सांजच्याला पुन्हा मेहनत. त्या दिवसांत आम्ही काय काय पचवलं! गंगावेशीतल्या कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध, वर बदामाची थंडाई, तूप, अंडी, मटण. अंगावर चरबी दिसायची न्हाई. आणि लंगोट खुंटीला टांगला की दोन वर्षांत तोच गडी ओळखू येत न्हाई. ह्याहून मोठा पुरावा कुठला पायजे?

मी : पुरावा पक्का आहे आबा, पण कशाचा? दिवसाला दोन लिटर म्हशीचं दूध म्हणजे दोन हजारांवर कॅलरी. शंभर ग्रॅम बदाम, सहाशे. पन्नास ग्रॅम तूप, साडेचारशे. भाकरी, मटण अजून धरलंच नाही आणि तीन हजार ओलांडले. कुस्ती सुटते त्या दिवशी मेहनत बंद होते. दूध मात्र चालू राहतं.

आबा : दुधाला नाव ठेवू नको.

मी : दुधाला नाही ठेवत. गरजेपेक्षा फक्त एक पेलाभर दूध रोज जास्त गेलं तरी दोनशे कॅलरी उरतात. एक किलो चरबीत साधारण 7700 कॅलरी असतात. वर्षाचा हिशोब केला तर साडेनऊ किलो. दहा वर्षांचा केला तर...

ताई : दहा वर्षांचा करू नकोस, तिथेच तुझा हिशोब फसतो. एका पेल्यानं कुणी दहा वर्षांत 95 किलो वाढत नाही. वजन वाढलं की ते वागवायलाही जास्त ऊर्जा लागते, त्यामुळे शरीर एका नव्या वजनावर जाऊन थांबतं. तेव्हा अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत असलेल्या केविन हॉल यांनी 2011 मध्ये याचं गणित मांडलं. रोजच्या 24 कॅलरींच्या फरकामागे शेवटी एक किलोचा फरक पडतो. त्यातला निम्मा पहिल्या वर्षात, जवळजवळ सगळा तीन वर्षांत. म्हणजे तुझा पेला आठ-नऊ किलो वाढवील आणि थांबेल.

मी : आठ-नऊ किलो काही थोडे नाहीत. आपल्या घरातल्या तेलाचंच बघ. चार माणसांत महिन्याला पाच लिटरचा डबा संपला, तर माणशी रोज 340 कॅलरी नुसत्या तेलातून जातात. त्या कुणाला ताटात दिसतही नाहीत. लोक म्हणतात, आम्ही काहीच खात नाही तरी वजन वाढतं. ते खोटं बोलत नाहीत, त्यांना खरंच तसं वाटतं. न्यूयॉर्कमध्ये 1992 साली अशाच माणसांची तपासणी झाली होती. दिवसाला बाराशे कॅलरींपेक्षा कमी खातो, तरी वजन हटत नाही, असं म्हणणारी माणसं. त्यांचा चयापचय ठीकठाक निघाला. पण जेवढं खात होते त्याच्या निम्म्याच्या आसपासच ते सांगत होते, आणि हालचाल मात्र दीडपट सांगत होते.

ताई : तो अभ्यास मला मान्य आहे. माझ्याकडे येणाऱ्यांनाही मी आठवडाभर खाल्लेलं सगळं लिहून आणायला सांगते, चहाबरोबरच्या खारीसकट. ऊर्जा हवेतून येत नाही, हे मी कधी नाकारलं? माझा प्रश्न पुढचा आहे. एकाला पेलाभर दूध जास्त का लागतं आणि दुसऱ्याला अर्ध्या पेल्यात पुरे का होतं?

या प्रश्नापर्यंत बहुतेक भांडणं पोचतच नाहीत. आपल्याकडे डॉ. जगन्नाथ दीक्षित दिवसातून दोनदाच जेवा म्हणतात, ऋजुता दिवेकर दर दोन तासांनी थोडं खा म्हणतात, आणि घराघरांत त्यावरून दोन तट पडतात. दोन्ही रस्त्यांनी वजन उतरलेले लोक मी पाहिलेत. कुणाला काय झेपलं, एवढाच त्यातला फरक मला दिसला. आबांना मात्र खाण्यावरची ही चर्चाच नको होती.

आबा : तुम्ही दोघी खाण्यावरच अडून बसलाय. मी म्हणतो, घाम गाळा आणि काय वाटेल ते खा.

ताई : मामा, तुम्हाला एक गोष्ट सांगते, रागावू नका. उत्तर टांझानियात हाद्झा नावाचे लोक राहतात. शिकार करायची, मध काढायचा, कंद उकरायचे, हे त्यांचं जगणं. पुरुष रोज दहा-अकरा किलोमीटर चालतात, बायका पाच-सहा. हर्मन पॉन्टझर यांनी त्यांना विशिष्ट अणूंचं पाणी प्यायला देऊन, नंतर लघवी तपासून, दिवसाची एकूण ऊर्जा मोजली. याहून खात्रीची पद्धत आपल्याकडे नाही. 2012 मध्ये निष्कर्ष आला. शरीराचा आकार लक्षात घेतला, तर हाद्झांचा दिवसाचा खर्च आणि अमेरिकेत खुर्चीत बसून काम करणाऱ्यांचा खर्च जवळजवळ सारखाच.

आबा : काय सांगालीस! मैलोन्‌मैल चालणारा आणि खुर्चीत बसणारा सारखाच?

ताई : खर्चाची एकूण बेरीज सारखी. पॉन्टझर म्हणतात, शरीर एका ठिकाणी जास्त खर्च करायला लागलं की दुसरीकडे हात आखडता घेतं. ते नेमकं कुठे आणि किती वाचवतं, यावर अजून वाद आहे. पैलवानासारखी दिवसाला पाच-सहा तासांची मेहनत असेल तर खर्च वाढतोच. पण ऑफिसातून येऊन तासभर रंकाळ्याला फेऱ्या मारणाऱ्याचं बोला. त्या तासात अडीचशे कॅलरी जातात आणि परतताना एक वडापाव खाल्ला की सगळ्या वसूल.

आबा : म्हणजे चालू नये?

ताई : चालायलाच पाहिजे! व्यायामानं वजन फार उतरत नाही, एवढंच मी म्हणते. पण यकृतातली, आतड्यांभोवतीची चरबी व्यायामानं कमी होते, काटा हलला नाही तरी. स्नायू साखर ओढून घेतात. आणि एकदा उतरलेलं वजन टिकवायला व्यायामासारखं दुसरं काही नाही. अमेरिकेत टीव्हीवर वजन उतरवण्याची एक स्पर्धा व्हायची. तिच्यातल्या 14 जणांना केविन हॉल यांनी सहा वर्षांनी पुन्हा तपासलं. सरासरी 58 किलो उतरवले होते, त्यातले 41 परत आले होते. ज्यांनी वजन टिकवलं ते कोण, तर ज्यांची रोजची हालचाल सगळ्यात जास्त वाढली ते.

आबा : हे आधी सांगायचं!

ताई : त्याच अभ्यासातलं दुसरं निम्मंही ऐका. सहा वर्षांनंतरही त्यांचं शरीर विश्रांतीत अपेक्षेपेक्षा दिवसाला पाचशे कॅलरी कमी जाळत होतं. वजन परत आलं, तरी शरीराची ती काटकसर गेली नाही. म्हणजे शेजारचा माणूस जेवढं खाऊन आहे तसा राहतो, तेवढंच खाल्लं तर ह्यांचं वजन वाढणार. आता ह्यांना आळशी म्हणायचं का?

आबा गप्प बसले, पण पटल्यासारखे नाही. पैलवानांचं वजन उतरणं त्यांनी आयुष्यभर पाहिलं आहे. खालच्या गटात बसायला शेवटच्या दोन दिवसांत पाणी तोडायचं, जाड कपडे घालून पळायचं, चार-पाच किलो खाली यायचं. ते वजन चरबीचं नसतं, पाण्याचं असतं, आणि काट्यावरून उतरलं की लगेच परत येतं. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये विनेश फोगाट अंतिम फेरीच्या सकाळी 50 किलोला शंभर ग्रॅम जास्त भरली, तेव्हा आबा दिवसभर कुणाशी बोलले नव्हते. आठवड्यात पाच किलो उतरवून देतो म्हणणाऱ्या जाहिरातींत बहुतेक हेच पाणी असतं. त्यांना भुलून पैसे घालवणाऱ्या बायका मी आमच्या बँकेतच पाहते.

मग आबाच मूळ प्रश्नावर आले.

आबा : पण माझी दोन पोरं? खुराक सारखा, मेहनत सारखी, सोडली पण बरोबरच. मग एक तसाच कसा आणि दुसरा असा कसा?

ताई : तुमच्या तालमीत आपसूक घडलं ते कॅनडात क्लोद बुशार यांनी मुद्दाम घडवून बघितलं. एकसारख्या जुळ्या तरुण भावांच्या 12 जोड्या घेतल्या. रोज गरजेपेक्षा एक हजार कॅलरी जास्त, आठवड्यातले सहा दिवस, असे 84 दिवस. सगळे देखरेखीखाली, व्यायाम बंद. प्रत्येकाच्या पोटात बरोबर 84 हजार कॅलरी जास्त गेल्या. सांगा बघू, किती किलो वाढले असतील?

मी : दहा-अकरा. सगळ्यांचे.

ताई : एकाचं वजन 4.3 किलो वाढलं, एकाचं 13.3. आणि गंमत पुढे आहे. जुळ्या भावांची वाढ एकमेकांशी जुळत होती. एक जास्त वाढला तर त्याचा भाऊही जास्त, एक कमी तर भाऊही कमी. चरबी पोटावर साठायची की मांड्यांवर, हेही भावाभावांत जुळत होतं. 1990 ची ही गोष्ट. त्याच्या चार वर्षं आधी डेन्मार्कमध्ये दत्तक गेलेल्या 540 जणांची पाहणी झाली होती. मोठेपणी त्यांची जाडी जन्मदात्या आईबापांशी जुळली. ज्यांच्या घरात वाढले, ज्यांच्या ताटातलं खाल्लं, त्यांच्याशी जुळली नाही.

मी : मग बाकीच्या कॅलरी गेल्या कुठे? माझा जमाखर्च तर मोडत नाही ना?

ताई : नाही मोडत. खर्चाची बाजू प्रत्येकाची वेगळी आहे, एवढंच. जेम्स लेव्हाइन यांनी 1999 मध्ये 16 जणांना आठ आठवडे असंच हजार-हजार जास्त खायला घातलं. कुणाच्या अंगावर चरबी साठली अवघी साडेतीनशे ग्रॅम, कुणाच्या चार किलोंवर. ज्यांची कमी साठली त्यांची हालचाल वाढली होती. व्यायाम नव्हे; उठबस, येरझाऱ्या, बसल्या जागी हातपाय हलवणं. त्यांना स्वतःला त्याचा पत्ताही नव्हता.

आबा : थांब. तो पहिला गडी तसलाच! जेवताना मांडी घालून बसला तरी त्याचा गुडघा हलायचा. कुस्ती बघताना उभा राहायचा, एका जागी ठरायचा न्हाई. मी त्याला ओरडायचो.

ताई : आणि दुसरा?

आबा : दुसरा शांत. मेहनतीला एक बैठक कमी मारायचा न्हाई. पण मेहनत झाली की सावलीला जाऊन पडायचा. कधी कधी वाढप्याला म्हणायचा, अजून दोन भाकरी टाक, पोट भरलंच न्हाई.

ताई : हेच! ‘पोट भरलंच न्हाई.’ मामा, ह्या वाक्यावर माझ्या शास्त्राचा अर्धा भाग उभा आहे.

इथून पुढचं ताईचं बोलणं मी कितीही वेळा ऐकू शकते. 1994 मध्ये जेफ्री फ्रीडमन यांना लेप्टिन सापडलं. चरबीच्या पेशी ते रक्तात सोडतात आणि मेंदूला त्यातून कळतं की साठा पुरेसा आहे. तीन वर्षांनी केंब्रिजमध्ये स्टीफन ओराहिली आणि सदफ फारुकी यांच्याकडे पाकिस्तानी वंशाच्या एका कुटुंबातली दोन भावंडं आली, चुलत-मावस नात्यातली. आठ वर्षांच्या मुलीचं वजन 86 किलो, दोन वर्षांच्या मुलाचं 29. सतत भूक, जेवण संपायच्या आत पुन्हा भूक. दोघांच्या शरीरात लेप्टिन जवळजवळ नव्हतंच. मुलीला त्याची इंजेक्शनं सुरू केली आणि वर्षभरात तिचं वजन सोळा किलोंहून जास्त उतरलं. तिला कुणी निग्रह शिकवला नव्हता. तिची भूक इतर मुलांसारखी झाली होती.

मी : पण असे लोक जगात मोजके. सगळ्या जाड माणसांच्या रक्तात लेप्टिन कमी नसतं.

ताई : उलट बहुतेकांच्या रक्तात ते भरपूर असतं, मेंदू दाद देत नाही. आणि तुझं बरोबर आहे, एकाच जनुकातल्या बिघाडानं येणारी जाडी दुर्मीळ. बाकीच्यांत शेकडो जनुकं थोडा थोडा वाटा उचलतात. सगळ्यात ओळखीचं म्हणजे एफटीओ. त्याची जाडीकडे झुकणारी प्रत दोन्ही पालकांकडून आली तर सरासरी तीन किलोंचा फरक पडतो. यातली बरीचशी जनुकं काम करतात मेंदूत, भूक आणि तृप्ती जिथे ठरते तिथे. म्हणून मी म्हणते की तुझा जमाखर्च खरा, पण जमेच्या बाजूची पेन्सिल पूर्णपणे माणसाच्या हातात नसते.

मी : असं असेल तर गेल्या काही वर्षांत काय झालं? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 2015-16 ला देशातल्या 20.6 टक्के बायका जाड गटात होत्या, 2019-21 ला 24 टक्के. पुरुष 18.9 वरून 22.9 वर गेले. एवढ्यात कुणाची जनुकं बदलली?

ताई : कुणाचीच नाही. भोवताल बदलला, आणि ज्यांच्या भुकेला तो लवकर भिडतो त्यांची वजनं आधी वाढली. हॉल यांचा 2019 चा प्रयोग बघ. 20 माणसं दवाखान्यातच ठेवली. दोन आठवडे कारखान्यात बनलेलं पाकीटबंद खाणं, दोन आठवडे घरी शिजवतो तसलं. समोर ठेवलेल्या ताटात कॅलरी, साखर, मीठ, चोथा सारखं. हवं तेवढं खा म्हणून सांगितलं. पाकिटातल्या खाण्याच्या दिवसांत त्याच माणसांनी रोज पाचशे कॅलरी जास्त खाल्ल्या आणि दोन आठवड्यांत जवळजवळ एक किलो वाढले. जनुकं तीच, निग्रह तोच, ताट बदललं. दुकानाच्या दारात लटकणाऱ्या पाच-दहा रुपयांच्या पुड्या तुझ्या लहानपणी इतक्या होत्या का?

मी : नव्हत्या. मग तुम्ही डॉक्टर लोक रक्त तपासून सांगत का नाही, कुणी काय खावं? आता तर जनुकं तपासून आहार सांगतो म्हणणाऱ्या जाहिराती येतात.

ताई : पैसे घालवू नकोस. स्टॅनफर्डमध्ये 609 जणांवर वर्षभर हेच तपासलं, 2018 मध्ये निकाल आला. काहींना स्निग्ध कमी, काहींना पिष्ट कमी. दोन्ही गटांत सरासरी पाच-सहा किलो उतरले. पण प्रत्येक गटात कुणी तीस किलो उतरवले, तर कुणाचं उलट वाढलं. आणि हा फरक ना जनुकांवरून आधी ओळखता आला, ना इन्शुलिनवरून. शरीराशरीरात फरक आहे हे आम्हाला ठाम माहीत आहे. कुणाला कुठला आहार लागू पडेल हे आधी सांगता येत नाही, हेही तितकंच ठाम.

ताईबद्दल मला आदर वाटतो तो इथे. स्वतःच्या बाजूला न जुळणारा अभ्यास ती खिशात ठेवत नाही.

आबांच्या मनात मात्र अजून काहीतरी घोळत होतं.

आबा : ते सगळं परदेशातलं. आपल्या पोरांचं काय? मातीतली, शेतकऱ्याची पोरं. काटकुळी यायची, छाती दिसायची न्हाई.

ताई : आपल्या पोरांचं सगळ्यात मोलाचं काम पुण्यातच झालंय मामा. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक. 1993 पासून त्यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर बायका आणि त्यांची मुलं यांचा मागोवा घेतला. 2004 मध्ये त्यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक फोटो छापला, ते स्वतः आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन, शेजारी शेजारी उभे. दोघांचा उंचीच्या प्रमाणात वजनाचा आकडा अगदी सारखा, 22.3. कुणीही म्हणेल, दोघं सडपातळ. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिक यांची 21.2.

आबा : तो गोरा काय करायचा?

ताई : मॅरेथॉन पळायचे.

आबा : मग? मेहनतच की!

ताई : त्यांच्या बाबतीत काही अंशी, व्हय. पण जन्मून एक दिवस झालेल्या बाळानं कुठली मेहनत केलेली असते? याज्ञिकांनी त्या खेड्यांतली नवजात बाळं मोजली आणि इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांशी ताडून बघितली. आपली सरासरी 2.7 किलोची, तिकडची 3.5 किलोची. आपल्या बाळाचं पोट बारीक, दंड बारीक, स्नायू कमी. पण पाठीवरच्या कातडीखालची चरबी त्या मानानं टिकून होती. म्हणजे वजनाला कमी, पण प्रमाणात चरबी जास्त. ‘बारीक पण चरबीदार’ हे आपलं शरीर आईच्या पोटातच घडायला लागतं. आईची उंची, तिच्या स्वतःच्या बालपणीचं पोषण, गरोदरपणी तिच्या ताटात पालेभाजी, दूध, फळं होती का, ह्याच्याशी त्याचा संबंध सापडला. तुम्ही म्हणता ती काटकुळी पोरं ह्याच घरांतली.

आबा : आणि त्यांना मी एकदम दोन लिटर दूध चढवायचो.

ताई : मेहनत होती तोवर त्याचे स्नायू झाले. ती थांबली आणि दूध थांबलं नाही, तर हे शरीर चरबी मांड्यांवर ठेवत नाही, पोटात ठेवतं, यकृतात ठेवतं. म्हणून आपल्या लोकांना पस्तिशीत साखर लागते, आणि दिसायला ते जाडही नसतात. म्हणून आपल्याकडे वजनाची रेघ युरोपच्या 25 वर नाही, 23 वर ओढलीय. माझ्या दवाखान्यात मी वजनकाट्याच्या आधी टेप काढते. पुरुषाची कंबर 90 सेंटीमीटर, बाईची 80. त्याच्या पुढे गेली की रक्त तपासायचं, काट्यावर आकडा कितीही असो.

मला यात एक गोष्ट फार जवळची वाटते. आमच्या घरांतली बाई सगळ्यांच्या शेवटी जेवते, उरलेलं खाते, आणि तिच्या पोटात वाढणाऱ्या मुलाचं शरीर त्या उरलेल्यावर घडतं. तो मुलगा चाळीस वर्षांनी पोट सुटलं म्हणून आळशी ठरतो. त्याच्या आईच्या ताटाचा हिशोब कुणी मागत नाही. कॅलरी मोजायच्याच असतील, तर मला त्या तिच्या ताटापासून मोजायच्या आहेत.

आबा : आता ती इंजेक्शनं आलीत म्हणे. टोचली की भूकच जाते. ते बरं की वाईट?

ताई : 2025 मध्ये आपल्याकडे दोन आली. त्यातल्या सेमाग्लुटाइडच्या चाचणीत 68 आठवड्यांत सरासरी 15 टक्के वजन उतरलं. मळमळ होते, स्नायूही थोडे जातात, आली तेव्हा महाग होती, आणि सौंदर्याच्या दुकानातून विकत घ्यायची वस्तू नव्हे. बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्यातलं दोन तृतीयांश वजन परत आलं. पण ज्याला खरंच गरज आहे त्यानं ती घेतली तर त्याला लाज वाटायचं कारण नाही. रक्तदाबाची गोळी रोज घेणाऱ्याला तुम्ही कधी विचारलंत का, मनावर ताबा ठेवून रक्तदाब का उतरवत नाहीस? औषधानं भूक बदलते आणि वजन उतरतं, ह्यातच कळतं की अडचण स्वभावात नव्हती.

मी : म्हणजे शेवटी माझंच खरं. औषधानंही खाणंच कमी होतं.

ताई : खाणं कमी झालं म्हणून वजन उतरलं, हे तुझं. भूक कमी झाली म्हणून खाणं कमी झालं, हे माझं.

आबा : आणि उतरल्यावर टिकवायला मेहनत, हे माझं. बरं, मला आता नीट सांग. त्या दुसऱ्या पोराला मी काय सांगू? तो माझ्यापुढं यायला लाजतो.

ताई : आधी त्याला आळशी म्हणणं बंद. लाजेनं माणूस वजनकाट्यापासून आणि डॉक्टरपासून लांब पळतो, दुसरं काही होत नाही. झोप किती, रात्रपाळी आहे का, कुठली औषधं चालू आहेत, हे मी विचारीन. काही औषधांनीही वजन वाढतं. खुराक एकदम तोडायचा नाही, पण पैलवानकीचं दूध आणि तूप आता नको. डाळ, उसळ, अंडी राहू द्या, भूक त्यानं थांबते. भाकरीच्या आधी भाजी-कोशिंबीर. संध्याकाळच्या पाकिटातल्या पुड्या घरात आणायच्याच नाहीत.

आबा : आणि जोर-बैठका?

ताई : चालू ठेवा. पन्नासापासून, दम बघून वाढवा. काटा हलला नाही म्हणून सोडायच्या नाहीत. सहा महिन्यांत कंबर चार-पाच सेंटीमीटर कमी झाली, तरी मी खूश.

आबा : ह्या रविवारी घेऊन येतो.

ताई : सकाळी लवकर आणा, आणि रात्रीच्या जेवणानंतर पाण्याशिवाय काही देऊ नका. उपाशीपोटी साखर बघायचीय. तुमची पण. कंबर मी दोघांची मोजणार.